हार्ट अटॅकमध्ये लावलेली 'एनटीजी' नेमकं काय करते? नायट्रोग्लिसरीन, नायट्रोप्रुसाइड आणि निकोरँडिलची तुलना

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप देतोय. बोलताना येणारे "म्हणजे", "तर", "काय होतं की" थोडे कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. घर नांदेडला, आजोळ लातूर जिल्ह्यात. आकडे वाचायची सवय आहे आणि वैद्यकीय चाचण्यांचे निकाल वाचायला आवडतात, एवढंच भांडवल. त्यामुळे या भागातला डोसचा आकडा बघून कुणीही घरी काही करायचं नाही. हा भाग समजून घेण्यासाठी आहे.

आता विषय. नांदेड किंवा लातूरच्या कुठल्याही आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसा. नातेवाईकांची एक चर्चा हमखास कानावर येते. "आमच्या अण्णाला एनटीजी लावलीय. तुमच्या पेशंटला?" "आमच्या मामाला दुसरंच काहीतरी लावलंय, वरून चंदेरी कागद गुंडाळलाय." मग लगेच शंका: त्यांना भारी औषध आणि आपल्याला स्वस्तातलं? का उलटं? आणि तिसऱ्याला काहीच लावलेलं नसेल, तर त्याचे नातेवाईक सगळ्यात जास्त घाबरलेले. "आमच्या पेशंटकडं कुणी बघतंय का नाही?"

हा भाग त्या बाकड्यावर बसलेल्यांसाठी.

आधी मोटार समजून घेऊ

आपल्याकडे बोअर आणि मोटार न समजणारा माणूस मिळणं अवघड, म्हणून तिथूनच सुरू करतो.

हृदय ही मोटार. तिच्यावर दोन बाजूंनी लोड येतो. एक, आत येणारं पाणी. शिरांमधून परत येणारं रक्त हृदयात भरतं, जितकं जास्त भरेल तितकी भिंत ताणली जाते. याला डॉक्टर प्रीलोड म्हणतात. दुसरा, बाहेर ढकलायचा लोड. पाणी किती उंचीवरच्या टाकीत चढवायचंय, पाइप किती बारीक आहे, त्यावर मोटारीला जोर लागतो. तसंच धमन्या आवळलेल्या असतील तर हृदयाला जास्त दाबानं रक्त ढकलावं लागतं. हा आफ्टरलोड.

हार्ट अटॅकमध्ये होतं काय? हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते. मोटारीच्या भाषेत सांगायचं तर तीनपैकी एक फेज गेली. शेतकऱ्याला माहीत आहे, फेज गेलेली मोटार पूर्ण लोडवर चालू ठेवली की ती गुरगुरते आणि वायंडिंग जळतं. हृदयाचं वायंडिंग म्हणजे स्नायू. तो एकदा मेला की परत येत नाही.

मग करायचं काय? दोन कामं. एक, लाइनमनला बोलावून फेज जोडणं, म्हणजे गुठळी विरघळवणं किंवा अँजिओप्लास्टीनं धमनी उघडणं. दुसरं, तोवर मोटारीवरचा लोड कमी करणं. व्हॅसोडायलेटर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं, हे दुसरं काम करतात. पहिलं करत नाहीत. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढचा सगळा भाग त्यावर उभा आहे.

तीन औषधं, तीन स्वभाव

पहिलं नायट्रोग्लिसरीन, आपली एनटीजी. १८४७ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं. आल्फ्रेड नोबेलनं त्यापासूनच डायनामाइट केलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मुरेल यांनी छातीच्या दुखण्यावर त्याचा उपयोग 'लॅन्सेट'मध्ये मांडला. गंमत म्हणजे आयुष्याच्या शेवटी खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी हृदयविकारासाठी नायट्रोग्लिसरीन सांगितलं होतं. आणि ते शरीरात काम कसं करतं, म्हणजे त्यातून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू रक्तवाहिनीला "सैल हो" असा निरोप कसा देतो, या शोधाच्या पायावर १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना मिळालं.

एनटीजीचा स्वभाव असा: कमी मात्रेत ती मुख्यतः शिरा सैल करते. शिरा म्हणजे शरीराचा साठवण तलाव. तलाव मोठा झाला की रक्त तिथं थांबतं, हृदयाकडे कमी येतं, भिंतीवरचा ताण उतरतो. मात्रा वाढवली तर धमन्याही सैल होतात. शिवाय हृदयाच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या कोरोनरी धमन्याही ती थोड्या रुंद करते.

दुसरं सोडियम नायट्रोप्रुसाइड. यातूनही नायट्रिक ऑक्साइडच बाहेर पडतो, पण त्यासाठी एनटीजीसारखी शरीरातल्या एन्झाइमची मदत लागत नाही. रक्तात गेलं की काम सुरू. शिरा आणि बारीक धमन्या दोन्ही एकदम सैल होतात. मिनिटाभरात बीपी खाली, बंद केलं की काही मिनिटांत वर. नळाची तोटी फिरवावी तसं. पण दोन भानगडी. एक, ते प्रकाशात खराब होतं, म्हणून तो चंदेरी कागद. दुसरी, त्याच्या रेणूत पाच सायनाइड गट असतात. शरीर ते हळूहळू निकामी करून बाहेर टाकतं, पण मात्रा जास्त झाली किंवा खूप वेळ चाललं तर सायनाइड साचू शकतं. म्हणून हे औषध चालू असताना बीपीवर सतत डोळा ठेवणारी माणसं आणि यंत्रं लागतात.

तिसरं निकोरँडिल. याचा अर्धा स्वभाव नायट्रेटचा, अर्धा वेगळा. ते पेशींवरचे पोटॅशियमचे दरवाजे उघडतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्याही सैल होतात. बारीक वाहिन्यांतला प्रवाह सुधारेल, हृदयाचा कमी भाग मरेल, अशी याच्याकडून मोठी आशा होती. जपानमध्ये जे-विंड नावाची चाचणी झाली, २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. निकोरँडिलच्या भागात ५४५ रुग्ण. मेलेल्या स्नायूचा आकार कमी झाला का? नाही झाला. म्हणून आज ते पहिल्या पसंतीचं मानलं जात नाही, पण छातीचं दुखणं कमी करायला काही ठिकाणी वापरतात.

टेलच्या शेतकऱ्याचं पाणी

आता खरा प्रश्न. नायट्रोप्रुसाइड जास्त ताकदीचं, दोन्ही बाजूंचा लोड कमी करतं. मग हार्ट अटॅकमध्ये तेच का नाही लावत सगळ्यांना?

कालव्याचं उदाहरण घ्या. कालवा वरच्या गावांतून येतो आणि शेवटी टेलच्या गावापर्यंत जातो. टेलच्या शेतकऱ्यानं पाणी कमी येतंय म्हणून आपलं गेट आधीच पूर्ण उघडून ठेवलंय. त्याला आणखी उघडायला जागा नाही. आता वरच्या सगळ्या गावांनी आपापली गेटं सताड उघडली, तर काय होईल? एकूण पाणी तेवढंच, पण टेलला थेंब पोचणार नाही.

हृदयात हेच होतं. जिथं रक्त कमी पोचतंय तिथल्या बारीक वाहिन्या शरीरानं आधीच पूर्ण उघडलेल्या असतात. आता बारीक वाहिन्या उघडणारं औषध दिलं की निरोगी भागातली गेटंही उघडतात आणि रक्त तिकडे पळतं. आजारी भागाचं आणखी कमी होतं. याला डॉक्टर 'कोरोनरी स्टील' म्हणतात, स्टील म्हणजे चोरी.

हे फक्त कागदावरचं तर्कट नव्हतं. १९७६ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात चियारिएलो आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांत दोन्ही औषधांची थेट तुलना छापली. ईसीजीवर एसटी नावाचा भाग जितका वर चढलेला तितकी स्नायूची इजा जास्त, असा साधा हिशेब. नायट्रोग्लिसरीन दिल्यावर तो खाली आला. नायट्रोप्रुसाइड दिल्यावर आणखी वर गेला. बीपी दोन्हींनी कमी केलं होतं, परिणाम मात्र उलटे.

म्हणजे मॉनिटरवरचा बीपीचा आकडा छान दिसतोय म्हणून हृदय सुखात आहे असं समजायचं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज अनुभवतो. डॅशबोर्ड हिरवा आणि ग्राहक ओरडतोय.

१९८२: एकाच अंकात दोन उलटे निकाल

ईसीजी ठीक आहे, पण माणसं वाचतात का? ते बघायला मोठ्या चाचण्या लागतात. १९८२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नायट्रोप्रुसाइडवर दोन चाचण्या पाठोपाठच्या पानांवर छापून आल्या.

पहिली नेदरलँड्समधली, डुरर आणि सहकाऱ्यांची. ३२८ रुग्ण. पहिल्या आठवड्यात नायट्रोप्रुसाइडच्या १६३ पैकी ५ दगावले, दुसऱ्या गटात १६५ पैकी १८. वाटतं, झालं, जिंकलं!

दुसरी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली, जे कोहन आणि सहकाऱ्यांची. ८१२ पुरुष, सगळ्यांचा हार्ट अटॅक झालेला आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यातला दाब वाढलेला. ४८ तास औषध किंवा साधं द्रावण. २१ दिवसांनी मृत्यू: औषधाच्या गटात ११.५ टक्के, दुसऱ्या गटात १०.४ टक्के. तेरा आठवड्यांनी: १७ आणि १९ टक्के. म्हणजे फरकच नाही.

पण त्यांनी आकडे फोडून पाहिले. दुखणं सुरू झाल्यापासून ९ तासांच्या आत ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात तेरा आठवड्यांचा मृत्यूदर २४.२ टक्के, साध्या द्रावणावर १२.७. जवळजवळ दुप्पट! आणि ९ तासांनंतर सुरू केलेल्यांत उलटं: औषधावर १४.४, द्रावणावर २२.३.

अर्थ लावायचा तर असा लावता येतो. सुरुवातीच्या तासांत काठावरचा स्नायू जिवंत असतो, तेव्हा चोरी महागात पडते. नंतर जे मरायचं ते मेलेलं असतं, पण हृदय दुबळं होऊन फुफ्फुसात पाणी भरत असतं, तेव्हा लोड कमी करणं कामाला येतं. पटतं ना? मलाही पटतं. तरी इथे एक सावधगिरी हवी.

आकडे नंतर फोडले की काहीही दिसू शकतं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९८८ च्या आयसिस-२ चाचणीतलं. १७,१८७ रुग्ण, अ‍ॅस्पिरिननं जीव वाचतात हे ठणठणीत सिद्ध झालं. मग संशोधकांनी मुद्दाम राशीनुसार आकडे फोडले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा "होत नाही" असं निघालं! त्यांना हेच दाखवायचं होतं, की पुरेसे तुकडे केले तर राशिभविष्यसुद्धा सिद्ध होतं. तेव्हा ९ तासांचा तो निकाल म्हणजे पक्का नियम नव्हे, इशारा आहे. पण १९७६ च्या ईसीजीशी तो जुळतो, म्हणून डॉक्टरांनी तो गंभीरपणे घेतला.

मग रुग्णांची संख्या वाढली आणि फायदा आक्रसला

१९८८ मध्ये सलीम यूसुफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या दहा चाचण्या एकत्र केल्या. यूसुफ मूळचे केरळचे, शिक्षण बेंगळुरूच्या सेंट जॉन्समधलं. साधारण २,००० रुग्ण. शिरेतून दिलेल्या नायट्रेट प्रकारच्या औषधांनी मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटताना दिसले. नायट्रोग्लिसरीनचा फायदा नायट्रोप्रुसाइडपेक्षा थोडा जास्त दिसला, पण दोघांतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं पक्का नव्हता.

३५ टक्के! असं औषध मिळालं तर कोण सोडेल? म्हणून मोठी परीक्षा घेतली गेली. १९९४ ची इटलीतली गिस्सी-३: १९,३९४ रुग्ण. पहिले २४ तास शिरेतून एनटीजी, नंतर कातडीवर चिकटवायची पट्टी. सहा आठवड्यांनी मृत्यू ६.५ टक्के, औषध न दिलेल्यांत ६.९. १९९५ ची आयसिस-४: ५८,०५० रुग्ण, यात तोंडावाटे नायट्रेट. पाच आठवड्यांनी ७.३४ विरुद्ध ७.५४ टक्के. सगळ्या मिळून २२ चाचण्या, ८० हजारांहून जास्त रुग्ण एकत्र केले तर ७.४ विरुद्ध ७.७. म्हणजे हजार जणांना दिलं तर तीन-चार जीव.

३५ टक्क्यांचं असं का झालं? एक कारण, छोट्या चाचण्यांत फायदा फुगून दिसतो. दुसरं, मधल्या काळात गुठळी विरघळवणारी औषधं आणि अ‍ॅस्पिरिन सर्रास मिळू लागली. लाइनमन वेळेवर येऊ लागल्यावर लोड कमी करण्याचं महत्त्व उतरलं. तिसरं, या चाचण्यांत तुलनेच्या गटातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना डॉक्टरांनी गरजेपोटी नायट्रेट दिलंच होतं, त्यामुळे तुलना पातळ झाली.

याच्या शेजारी आयसिस-२ चे आकडे ठेवून बघा. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं मृत्यू ८ टक्के, दोन्ही न मिळालेल्यांत १३.२. हजारामागे पन्नासच्या वर जीव. एका बाजूला तीन-चार, दुसऱ्या बाजूला पन्नास.

म्हणून आज एनटीजी सगळ्यांना सरसकट लावत नाहीत. छातीचं दुखणं थांबत नसेल, बीपी खूप वाढलेलं असेल किंवा फुफ्फुसात पाणी भरत असेल, तर लावतात. ज्यांना काहीच लावलेलं नाही त्या तिसऱ्या नातेवाइकांना हेच सांगायचंय: दुखणं थांबलंय, बीपी बरं आहे, म्हणूनही लावलं नसेल.

आणि नायट्रोप्रुसाइड? ते खास प्रसंगासाठी राखून ठेवतात. उदाहरणार्थ अटॅकमुळे हृदयाची झडप एकदम निकामी झाली किंवा दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं आणि बीपी टिकून आहे. तेव्हा रक्त उलट्या किंवा आडमार्गानं जात असतं. पुढचा रस्ता सैल केला की ते योग्य दिशेनं जातं आणि ऑपरेशनपर्यंत वेळ मिळतो. तेव्हा चंदेरी कागद दिसला तर स्वस्त-महागाचा विचार करू नका. तो वेगळ्या आजाराचा वेगळा उपाय असू शकतो.

महाडचा विंचू आणि तेच औषध

याच औषधाची महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आणि माणूस आपल्या मराठवाड्याचा.

डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नोकरीला गेले कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या महाड भागात. तिथं लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं मरायची. तोंडातून फेस, फुफ्फुसात पाणी, काही तासांत खेळ संपला. बावस्करांनी लक्षणं बारकाईनं टिपली, १९८२ मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं.

विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचं वादळ उठतं. सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयापुढचा आफ्टरलोड प्रचंड वाढतो, हृदय थकतं आणि पाणी फुफ्फुसात मागे तुंबतं. इथं सोडियम नायट्रोप्रुसाइड कामाला आलं. इथं गुठळी नाही, टेलचा शेतकरी नाही, म्हणून चोरीचीही भीती नाही. आवळलेला पाइप हेच मूळ दुखणं, त्यामुळे पाइप सैल करणं हाच खरा उपाय.

पण नायट्रोप्रुसाइडला सतत बीपी बघणारा माणूस हवा. खेड्यातल्या दवाखान्यात रात्री दोन वाजता तो कुठून आणायचा? बावस्कर प्राझोसिनकडे वळले. रक्तवाहिन्या सैल करणारी साधी गोळी. १९८६ मध्ये त्यावरचा त्यांचा आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पश्चिम भारतात आधी गंभीर रुग्णांतले २५ ते ३० टक्के दगावायचे, ते प्रमाण प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यातून दोन गोष्टी कळल्या. औषध तेच असलं तरी आजाराचं मूळ बदललं की त्याची किंमत बदलते. आणि "सगळ्यात ताकदीचं औषध कोणतं" यापेक्षा "या ठिकाणी, या माणसांच्या हातून, सुरक्षित देता येईल असं कोणतं" हा प्रश्न मोठा आहे.

पंपावरचा आकडा

आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी थोडं. सिरिंज पंपावर "१.२" असं काहीतरी दिसतं. ते काय? समजा २५ मिलिग्रॅम एनटीजी ५० मिलिलिटर द्रावणात मिसळली. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम. मिनिटाला १० मायक्रोग्रॅम द्यायचे तर तासाला ६००, म्हणजे तासाला १.२ मिलिलिटर. चमच्याच्या पाव भागाएवढं! मग दर काही मिनिटांनी बीपी आणि दुखणं बघून थोडं थोडं वाढवतात.

एनटीजी बहुतेकदा मिनिटाला किती मायक्रोग्रॅम अशी मोजतात, वजन न धरता. नायट्रोप्रुसाइड मात्र दर किलो वजनामागे. दोन पंप शेजारी, दोन्हीवर एकच एकक दिसतं, पण मागचा हिशेब वेगळा. म्हणून पंपाला हात लावायचा नाही, गजर वाजला तर सिस्टरला हाक मारायची.

आणखी एक मजेशीर भाग. नायट्रोग्लिसरीन साध्या पीव्हीसी नळीच्या भिंतीत मुरतं. लांब नळी असेल तर निम्मं किंवा त्याहूनही जास्त औषध रुग्णापर्यंत पोचतच नाही. म्हणून वेगळ्या प्लॅस्टिकची नळी वापरतात. कुठल्या चाचणीत किती मात्रा दिली हे वाचताना नळी कोणती होती हेही बघावं लागतं!

शिवाय एनटीजी सलग चोवीस तास चालली की शरीराला तिची सवय होते, परिणाम उतरतो. म्हणून "काल लावली होती, आज काढली" यात घाबरण्यासारखं काही नाही.

कधी देत नाहीत

वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर नाही. हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. बीपी फार उतरलं तर तेही तुटतं.

हृदयाच्या उजव्या कप्प्याचा अटॅक असेल तर फार जपून. हा बहुधा खालच्या भिंतीच्या अटॅकसोबत येतो. उजवा कप्पा मागून येणाऱ्या रक्तावरच जगत असतो. एनटीजीनं तलाव मोठा केला की त्याचं पाणी तुटतं आणि बीपी धाडकन कोसळतं. म्हणून डॉक्टर ईसीजीच्या पट्ट्या छातीच्या उजव्या बाजूलाही लावून बघतात.

तिसरं, ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. लैंगिक ताकदीच्या गोळ्या. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट चालत नाही, बीपी जीवघेणं उतरू शकतं. बायको-मुलांसमोर माणूस सांगत नाही. डॉक्टरांनी एकट्याला विचारावं आणि आपण खरं सांगावं. इथं लाजेनं जीव जाऊ शकतो.

याच कारणासाठी शेजाऱ्याच्या डबीतली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची सवय धोक्याची आहे. तीही नायट्रेटच. बीपी न बघता, ईसीजी न काढता दिली, तर उजव्या कप्प्याचा अटॅक असलेला माणूस गाडीत बसायच्या आधीच चक्कर येऊन पडू शकतो. ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यांचा प्रश्न वेगळा.

लोहा, अहमदपूर, चाकूर

आता आपल्या रस्त्यावर येऊ. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्ही शहरांत खासगी दवाखानेही बरेच. पण मधला पट्टा? राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर लोहा, अहमदपूर, चाकूर. अहमदपूर साधारण मध्यावर. तिथल्या आत एखाद्या वाडीवर रात्री छातीत दुखलं, तर?

२००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या क्रिएट नोंदवहीत भारतातल्या ८९ केंद्रांतले वीस हजारांहून जास्त रुग्ण होते. मोठा अटॅक आलेल्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटं. सहा तास! त्यातले बरेच "गॅस झालाय" म्हणून सोडा पिण्यात, मग गावातल्या डॉक्टरकडे, मग गाडी शोधण्यात जातात. दवाखान्यात शिरल्यावर गुठळीचं इंजेक्शन सुरू व्हायला लागलेला मध्यम वेळ ५० मिनिटं. म्हणजे सगळ्यात मोठी गळती दवाखान्याच्या दाराबाहेर आहे.

उपाय माहीत आहे. तामिळनाडूत जवळच्या लहान रुग्णालयांत ईसीजी आणि गुठळीचं इंजेक्शन, मग मोठ्या केंद्राला पाठवणं, अशी साखळी बांधली. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. निकाल २०१७ चा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, तिच्यात डॉक्टर असतो. अहमदपूरच्या माणसानं नांदेडला जायचं का लातूरला, हे घरच्यांनी भांडत ठरवण्यापेक्षा आधी जवळच्या ठिकाणी ईसीजी निघणं महत्त्वाचं.

माझी मावसबहीण लातूरला नीटची तयारी करते. तिला हा भाग आधी ऐकवला. ती म्हणाली, "दादा, मग बाकड्यावरच्या लोकांनी विचारायचं काय?" चांगला प्रश्न. तर हे विचारा:

१. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं का, किंवा अँजिओप्लास्टी कधी करणार? दिलं नसेल तर कारण काय?

२. ईसीजी किती वाजता काढला? उजव्या बाजूचा काढला का?

३. एनटीजी कशासाठी लावलीय: दुखण्यासाठी, बीपीसाठी का फुफ्फुसातल्या पाण्यासाठी?

४. आता बीपी किती आहे?

आणि स्वतःहून सांगा: दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, घरी कोणती गोळी दिली, आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत. यातली वेळ सगळ्यात महत्त्वाची. घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवा, गोंधळात विसरतं.

शेजारच्या पेशंटला कोणतं औषध लावलंय ही तुलना सोडून द्या. एनटीजी, नायट्रोप्रुसाइड, निकोरँडिल, तिघांचंही काम लोड उतरवणं. फेज जोडायला वेळेवर पोचावं लागतं, आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात किंवा जबड्यात चाललंय, तर सोडा नको, १०८ लावा.

तुमच्या गावातून ईसीजी निघेल असं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, हे आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर काळजी घ्या, भेटूच!